एचआयव्ही असेल तर हृदयासाठी एक वही आणि एक कागद ठेवा

मला हार्ट अटॅक आला तेव्हा छातीत कळ आलीच नाही. खालचा जबडा दुखत होता, डाव्या बाजूने. मळमळत होतं, अंगाला दरदरून घाम सुटला होता आणि स्वयंपाकघरातून पलंगापर्यंत येताना दोनदा भिंत धरावी लागली. वय अठ्ठेचाळीस. ॲसिडिटी असेल म्हणून गोळी घेतली आणि उशीला टेकून बसून राहिले. पहाटे लेकीने माझा चेहरा पाहिला आणि मला काही न विचारता अँब्युलन्स बोलावली.

एचआयव्हीचं निदान होऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. सलग सात वर्षं व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, 'आढळला नाही' असाच येत होता. रिपोर्ट हातात पडला की मी तेवढे दोन शब्द वाचायची आणि घडी घालून ठेवून द्यायची. नंतर तो गठ्ठा उपसला तर त्यात तीन वर्षांपूर्वीचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट निघाला. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८. त्यावर कुणी काही लिहिलं नव्हतं, मीही कुणाला काही विचारलं नव्हतं.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, पण या काळात जे शिकले ते मला दहा वर्षं आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. एचआयव्हीचे डॉक्टर व्हायरस बघतात, हृदयाचे डॉक्टर हृदय बघतात. या दोघांच्या मधे जी जागा उरते तिच्यावर लक्ष आपल्यालाच ठेवावं लागतं. त्यासाठी काय करायचं, ते इथे लिहिते आहे.

आधी धोका समजून घ्या

एचआयव्ही असलेल्या माणसाला हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दीडपट ते दुप्पट असतो. व्हायरस पूर्ण दबलेला असला तरी तो थोडा वाढलेला राहतोच. बायकांमध्ये तर ही वाढ, एचआयव्ही नसलेल्या बायकांच्या तुलनेत, पुरुषांपेक्षाही जास्त दिसते. आणि नेमकी आपलीच लक्षणं 'दमलीस, झोप जरा' म्हणून सोडून दिली जातात.

हे का होतं? एआरटी, म्हणजे एचआयव्हीची रोजची औषधं, व्हायरसची वाढ थांबवते, पण तो शरीरातून जात नाही, आणि प्रतिकारशक्ती आतल्या आत जागीच राहते. संसर्गाच्या सुरुवातीच्या काळात आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मोठं नुकसान होतं. ते अस्तर पुन्हा पूर्वीसारखं घट्ट होत नाही, आणि जिवाणूंचे अंश थोडे थोडे रक्तात झिरपत राहतात. शरीर त्यांच्याशी झगडत राहतं. ही बारीक, न जाणवणारी सूज वर्षानुवर्षं रक्तवाहिन्यांच्या आतल्या थराला त्रास देते आणि तिथे चरबीचे थर लवकर साठतात. ज्यांचा सीडी फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) कधीकाळी खूप खाली गेला होता, त्यांना धोका जास्त. माझा निदानाच्या वेळी ८७ होता.

एचआयव्हीच्या औषधांचाही वाटा आहे. लोपिनावीर-रिटोनावीरसारखी जुनी प्रोटीज इनहिबिटर औषधं कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढवतात. अबाकावीर आणि हार्ट अटॅक यांचा संबंध २००८ मध्ये एका मोठ्या अभ्यासात दिसला आणि पुढेही दिसत राहिला. म्हणून ज्यांना हृदयाचा त्रास आहे किंवा ज्यांचा धोका जास्त आहे, त्यांना अबाकावीर शक्यतो देत नाहीत. डोल्युटेग्रावीर कोलेस्टेरॉलच्या बाबतीत सौम्य आहे, पण त्यावर बऱ्याच जणांचं वजन वाढतं. माझं पहिल्या वर्षात चार किलो वाढलं.

हे वाचून कुणाच्या मनात 'मग गोळ्याच बंद करते' असं आलं असेल, तर कृपया इथेच थांबा. नेमकं हेच तपासणारा स्मार्ट नावाचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साडेपाच हजारांच्या आसपास लोक होते. काहींची औषधं अखंड चालू ठेवली, काहींची सीडी फोर बघून मधे मधे थांबवली. थांबवलेल्यांमध्ये मृत्यू जास्त झाले, आणि हृदय, मूत्रपिंड, यकृताचे मोठे आजारही जास्त झाले. औषध बदलून घेता येतं, त्याची पद्धत आहे. आपल्या मनाने बंद करणं हा मात्र हृदयावर केलेला घाव आहे.

वही

साधी, दोनशे पानी. त्यात मी फार काही लिहीत नाही, पण जे लिहिते ते न चुकता.

पहिलं बीपी. घरी मशीन घ्या, मनगटाचं नको, दंडाला पट्टा बांधायचं घ्या. पट्टा आपल्या दंडाच्या मापाचा हवा, लहान पडला तर आकडा खोटा वर जातो. मी सुरुवातीला जिना चढून आले की लगेच, ब्लाउजच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून मोजायची. १४६, १५१, असे आकडे बघून घाबरायची. नर्सने एकदा शेजारी बसवून शिकवलं. आधी लघवीला जाऊन या. अर्धा तास आधी चहा, कॉफी, सिगारेट नको. पाठ टेकून बसा, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवा, पायावर पाय टाकू नका. उघड्या दंडाला पट्टा बांधा आणि हात टेबलावर असा ठेवा की पट्टा हृदयाच्या उंचीवर येईल. पाच मिनिटं गप्प बसा. मग मोजा, एक मिनिट थांबा, पुन्हा मोजा. त्या दिवशी तिच्यासमोर माझं १३४ आलं. डॉक्टरांकडे जायच्या आधीच्या आठवड्यात रोज सकाळ-संध्याकाळ असं मोजून लिहून न्या. वारंवार १३०/८० च्या वर येत असेल तर वही त्यांच्यापुढे उघडून ठेवा. 'बीपी ठीक असतं माझं' हे वाक्य कुणाच्याच उपयोगाचं नाही.

दुसरं, लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी. एआरटी सुरू करण्याआधी एकदा, सुरू केल्यावर किंवा औषध बदलल्यावर एक ते तीन महिन्यांत एकदा, आणि मग वर्षातून एकदा. एकूण कोलेस्टेरॉलवर समाधान मानू नका. एलडीएल, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल), ट्रायग्लिसराइड वेगवेगळे लिहा आणि शेजारी त्या वेळी कोणती एआरटी चालू होती ते लिहा. दोन-तीन वर्षांचे आकडे एकाखाली एक आले की जे एका रिपोर्टवरून कळत नाही ते दिसायला लागतं. माझ्या जुन्या रिपोर्टांमधून नंतर ही यादी केली, तर एआरटीची औषधं बदलली त्याच वर्षी ट्रायग्लिसराइड उडी मारून वर गेलेले स्पष्ट दिसले.

तिसरं, साखर. इथे एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी एचआयव्ही असलेल्यांमध्ये, विशेषतः अबाकावीरसारखी औषधं घेणाऱ्यांमध्ये, खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवू शकते. म्हणून उपाशीपोटीची साखरही करून घ्या. १२६ किंवा त्याहून जास्त दोनदा आली तर तो मधुमेह धरतात, मग एचबीएवनसी काहीही सांगो.

चौथं, कमरेचा घेर. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध लावायची, श्वास सोडून मोजायचं. वजन तेवढंच राहून घेर वाढत गेला तर पोटातली चरबी वाढते आहे. जुन्या औषधांमुळे ज्यांचे हातपाय बारीक झाले आणि पोट सुटलं, त्यांनी वजनकाट्यावर विसंबूच नये.

आणि पहिल्या पानावर: आईवडील, भावंडं यांच्यात कुणाला लवकर हार्ट अटॅक आला का, पाळी कितव्या वर्षी बंद झाली, गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढली होती का, हिपॅटायटिस सी आहे का. हे प्रश्न डॉक्टर विचारतीलच असं नाही.

सिगारेट

मी कधी ओढली नाही, त्यामुळे सोडणं किती अवघड असतं हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण एक आकडा सांगते. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात, उपचार चालू असलेल्या आणि सिगारेट ओढणाऱ्या लोकांची सिगारेटमुळे आयुष्याची बारा वर्षं जात होती. एचआयव्हीमुळे पाच. ज्या आजाराला आपण इतकी वर्षं घाबरत आलो, त्याच्या दुपटीहून जास्त. सोडायला औषधं मिळतात, तीही आपल्या एआरटीसोबत चालतात का ते विचारून घ्या, आणि एकदा जमलं नाही तर पुन्हा प्रयत्न करा.

मीठ कमी, तळलेलं कमी, पालेभाज्या, डाळी, फळं जास्त, आठवड्यातून किमान दीडशे मिनिटं भरभर चालणं. हे सगळ्यांना सांगतात तेच आहे आणि आपल्यालाही तेच लागू आहे.

स्टॅटिनबद्दल स्वतः विचारा

स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी. वय, बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट असं टाकून 'पुढच्या दहा वर्षांत हृदयविकाराची शक्यता इतके टक्के' असं सांगणारी गणितं असतात. त्यातल्या बहुतेकांमध्ये एचआयव्हीचा रकानाच नाही, त्यामुळे आपला धोका बऱ्याचदा असतो त्यापेक्षा कमी निघतो. आकडा कमी आला म्हणून निर्धास्त होऊ नका.

रिप्रीव्ह नावाचा एक अभ्यास बारा देशांत झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. ४० ते ७५ वयाचे, एआरटीवर असलेले ७,७६९ लोक. गणितानुसार ज्यांचा धोका कमी किंवा मध्यम होता, म्हणजे एरवी ज्यांना कोलेस्टेरॉलची गोळी दिलीच नसती, असे. निम्म्यांना रोज पिटाव्हास्टॅटिन ४ मि.ग्रॅ., निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. साधारण पाच वर्षांत पिटाव्हास्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास वेळेआधी थांबवला.

दुसरी बाजूही सांगते. स्नायूंच्या तक्रारी औषध घेणाऱ्यांपैकी ९१ जणांना झाल्या, न घेणाऱ्यांपैकी ५३ जणांना. मधुमेह २०६ विरुद्ध १५५. म्हणजे गोळी अगदी निरुपद्रवी नाही, आणि म्हणूनच हा निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्यायचा असतो. पण तो विषय निघायला तर हवा. फेब्रुवारी २०२४ पासून अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की ४० ते ७५ वयाच्या, एचआयव्ही असलेल्या आणि दहा वर्षांचा धोका ५ ते २० टक्क्यांच्या मधे असलेल्या व्यक्तीला मध्यम ताकदीचं स्टॅटिन द्यावं. ५ टक्क्यांच्या खाली असेल तरी स्टॅटिन द्यायच्या बाजूने त्यांचा कल आहे.

तर चाळिशी ओलांडली असेल तर पुढच्या भेटीत हे वाक्य जसंच्या तसं म्हणा: 'डॉक्टर, माझ्या वयात आणि एचआयव्ही असताना मला स्टॅटिनची गरज आहे का?' गरोदर असाल किंवा मूल हवं असेल तर ते आधी सांगा.

गोळ्या एकमेकींना जुमानत नाहीत तेव्हा

माझी खरी चूक इथे झाली, त्यामुळे हे सविस्तर लिहिते.

हार्ट अटॅकनंतर स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, घातला. भरती करताना 'कुठली औषधं चालू आहेत?' असं विचारलं तेव्हा खोलीत अजून चार माणसं होती. मी खालच्या आवाजात 'रोजच्या दोन-तीन गोळ्या असतात' एवढंच म्हणाले. रक्ततपासणीत एचआयव्ही कळला, पण मी एआरटीत अटाझानावीर-रिटोनावीर घेते हे कुणी लिहून घेतलं नाही. घरी जाताना कागदावर टिकाग्रेलॉर (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) आणि अटोरव्हास्टॅटिन (एक स्टॅटिन) ८० मि.ग्रॅ. होतं. दोन्ही हार्ट अटॅकनंतर नेहमी दिली जाणारी, चांगली औषधं.

नवव्या दिवसापर्यंत दात घासताना बेसिन लाल व्हायला लागलं होतं. मांड्या इतक्या दुखत होत्या की खुर्चीवरून उठताना हातांनी स्वतःला ढकलावं लागायचं. त्याच दिवशी एआरटी घ्यायला गेले होते. औषध देणाऱ्या फार्मासिस्ट बाईंनी 'अशा का चालताय?' म्हणून विचारलं. मी डिस्चार्जचा कागद दिला. त्यांनी तो माझ्या एआरटीच्या कार्डाशेजारी टेबलावर ठेवला आणि दोन्ही कागदांवरून दोन बोटं खाली नेत गेल्या. एक बोट रिटोनावीरवर थांबलं, दुसरं टिकाग्रेलॉरवर. मग तेच बोट एक ओळ खाली गेलं. त्या काही बोलल्या नाहीत, फोन उचलला.

रिटोनावीर आणि त्याच्यासारखंच काम करणारं कोबिसिस्टॅट ही 'बूस्टर' औषधं आहेत. यकृतातलं औषधं मोडणारं एक एन्झाइम ती अडवतात, म्हणजे सोबतची एचआयव्हीची गोळी शरीरात जास्त वेळ टिकते. पण ते एन्झाइम इतरही ढीगभर औषधं मोडत असतं. तीही मग साठत जातात. म्हणून टिकाग्रेलॉर बूस्टरसोबत द्यायचंच नसतं. सिमव्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन तर अजिबात नाही, स्नायू विरघळून मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतं. अटोरव्हास्टॅटिन चालतं, पण कमीत कमी डोसमध्ये. क्लोपिडोग्रेल या गुठळी रोखणाऱ्या दुसऱ्या गोळीचं उलटं होतं: ते शरीरात गेल्यावरच 'जागं' होतं, आणि बूस्टर त्याला नीट जागं होऊ देत नाही, म्हणजे स्टेंटला हवं तेवढं संरक्षण मिळत नाही. माझ्यासाठी हृदयाच्या डॉक्टरांनी त्याच कामाचं प्रासुग्रेल निवडलं. ज्यांना आधी पक्षाघात झालाय त्यांना ते देत नाहीत, त्यामुळे माझी गोळी बघून स्वतःची ठरवू नका. आणि स्टेंटनंतरची रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःहून एक दिवसही बंद करू नका, हिरड्यांतून रक्त आलं तरी. फोन करा. त्या दिवशी माझीही बंद झाली नाही, बदलली गेली, आणि दुसरी सुरू होईपर्यंत त्या बाईंनी मला तिथून हलू दिलं नाही.

कोबिसिस्टॅट बऱ्याचदा एकाच गोळीत इतर औषधांबरोबर मिसळलेलं असतं आणि रोज घेणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. आज घरी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा.

आणखी काही जोड्या लक्षात ठेवा. अमलोडिपिन हे बीपीचं औषध बूस्टरसोबत जास्त चढतं, घोट्याला सूज आली तर सांगा. अटाझानावीरला पोटात आम्ल लागतं, त्यामुळे ॲसिडिटीच्या गोळ्या मनाने घेऊ नका. त्या रात्री मी तीही चूक केली. डोल्युटेग्रावीर असेल तर मेटफॉर्मिन हे साखरेचं औषध साधारणपणे दिवसाला १००० मि.ग्रॅ. च्या वर नेत नाहीत, आणि ॲसिडिटीचं पातळ औषध घ्यायचं असेल तर डोल्युटेग्रावीर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर. पुरुष एक गोष्ट विचारायला लाजतात म्हणून मी लिहिते: लैंगिक ताठरतेसाठीच्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या बूस्टरसोबत कितीतरी जास्त वेळ अंगात राहतात, आणि त्यात छातीदुखीसाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेतली तर बीपी जिवावर बेतेल इतकं कोसळू शकतं. हे डॉक्टरांना सांगाच. त्यांना त्यात काही नवीन नसतं.

पुढे माझी एआरटीच बदलली. जुनी औषधं, व्हायरस कधी कुठल्या औषधाला दाद देईनासा झाला होता, हिपॅटायटिस बी आहे का, हे सगळं बघून मगच. कारण हिपॅटायटिस बी असताना त्यालाही दाबून ठेवणारं एआरटीतलं टेनोफोवीर काढून घेतलं तर तो उसळू शकतो. डोल्युटेग्रावीरवर आल्यावर अटोरव्हास्टॅटिन हव्या त्या डोसमध्ये पुन्हा सुरू करता आलं. मांड्या दुखल्या नाहीत. मागच्या खेपेला एलडीएल ६४ होतं.

कागद

छातीवर दाब, जबडा, पाठ किंवा हात दुखणं, कारण नसताना धाप, घाम, मळमळ, आधी कधी न आलेला थकवा. यातलं काही अचानक आलं आणि पाच मिनिटांत गेलं नाही तर अँब्युलन्स बोलवा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. फोनवर ते ॲस्पिरिन चघळायला सांगतील तर चघळा. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास असेल तर तेव्हाच सांगा.

अशा वेळी चार माणसांसमोर 'मला एचआयव्ही आहे' हे तोंडातून निघत नाही. मला माहीत आहे. म्हणून बोलायचं नाही, कागद हातात द्यायचा. माझा कागद चार घड्या घालून फोनच्या कव्हरमागे असतो. त्यावर एआरटीतलं प्रत्येक औषध, नावाने आणि डोसने. त्याखाली मोठ्या अक्षरात 'रिटोनावीर / कोबिसिस्टॅट: नाही'. तुमचं चालू असेल तर तिथे 'आहे' लिहा आणि खाली रेघ मारा. मग हृदयाची औषधं, स्टेंटची तारीख, ॲलर्जी, दोन्ही डॉक्टरांचे नंबर. शेवटी ज्या दिवशी लिहिला ती तारीख, कारण जुना कागद हा कागद नसण्यापेक्षा वाईट.

गेल्या महिन्यात बीपीची गोळी बदलली. औषधाच्या दुकानातून घरी आले, जुना कागद फाडला, नवा लिहिला आणि फोटो लेकीला पाठवला. तिने उत्तर दिलं, 'आई, तारीख राहिली.' मी तारीख घालून परत पाठवला.